सितान बालोने शिव्या बंद केल्या

बानकासो गावच्या मोठ्या, मातीच्या मशिदीच्या पन्हळी ताडाच्या लाकडाच्या आहेत. पावसाळ्यात त्या फुगतात, उन्हाळ्यात तडकतात, आणि त्यांच्या बुडातून झिरपणारं पाणी भिंतीवर काळसर ओघळ सोडून जातं. गवंडी दर वर्षी ते ओघळ लिंपून टाकतात, दर वर्षी ते पुन्हा येतात. बाहेरगावची माणसं मनोऱ्यांकडे मान वर करून बघत उभी राहतात. आमच्या लोहारआळीतल्या बायका फक्त ओघळ बघतात आणि पुढे जातात.

पन्हळी मातीच्या व्हायच्या होत्या, भाजलेल्या लाल मातीच्या. माती होती, ती घडवणारे हातही होते. तरी त्या झाल्या नाहीत. त्याची गोष्ट सितान बालोची आहे.

सितान माझ्या पणजीची थोरली बहीण. आमच्यात पुरुष लोखंड घडवतात आणि त्यांच्या बायका मडकी. सितानचा बाप लोहार, नवरा लोहार, आणि ती स्वतः बानी नदीच्या दोन्ही काठांवर नाव असलेली कुंभारीण. पालथ्या घागरीवर मातीची पोळी थापून ती मडक्याचं बूड करी, मग ते उलटं करून बोटांनी वर वर चढवत नेई. तिचं मडकं भाजून निघालं की ती त्याला टिचकी मारून कान लावायची. आवाज आवडला नाही तर तिथेच फोडायची. "रडकं आहे," म्हणायची. "रडकं मडकं दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायचं?"

तिच्या नवऱ्याला सरकारी माणसांनी रेल्वेच्या रुळांच्या कामाला धरून नेलं होतं. सहा महिन्यांत सोडू म्हणाले होते. सहा वर्षं झाली. त्याची ऐरण अंगणात होती तशीच राहिली, आणि सितान दर शुक्रवारी तिच्यावर पाणी शिंपडायची. ती विधवा आहे असं म्हणायची हिंमत आळीत कुणाला नव्हती. ती सधवा आहे असं म्हणायचीही नव्हती.

तिची जीभ तिखट होती, आणि त्या जिभेचं रोजचं खाणं म्हणजे योरो सांगारे.

योरो फुलानी जमातीतला, गुरं राखणाऱ्यांपैकी, गुराख्याचा मुलगा. लष्कराच्या छावणीत राहून गोऱ्यांची भाषा शिकला आणि आमच्या मुलखावर अंमल करणाऱ्या गोऱ्या कमांडंटचा दुभाष्या झाला. पितळी बटणांचा कोट घालून तो रोज सकाळी आमच्या आळीतून कचेरीत जायचा. आता फुलानी आणि लोहार यांच्यात थट्टेचं नातं आहे. कोणत्या पूर्वजांनी ते जोडलं कोण जाणे, पण फुलानी दिसला की लोहाराने त्याला दुधागुरांवरून शिवी घालायची, त्याने चवळीवरून सवाई परत करायची, आणि दोघांनी हसायचं. रागवायचं नाही. नात्यातल्या माणसाने मागितलेलं नाकारायचं नाही. आणि एकमेकांचं रक्त सांडू द्यायचं नाही. या तीन गोष्टी आमच्याकडे बाळ उभं राहायच्या आधी शिकतं.

"काय रे दूधपित्या, गाईने लाथ घालून हाकललं वाटतं? एवढ्या सकाळी?"

"तुझ्या चवळीचा वास आला, काळे. म्हटलं आळीत कोण मेलं, बघून यावं."

"तुझी लाज मेली. त्या बटणांच्या कोटात गुंडाळून पुरून टाक."

"पुरतो. आधी मूठभर दे, रिकाम्या पोटी खड्डा खणवत नाही."

तो तिच्या हंडीत हात घालायचा, ती त्याच्या मनगटावर पळी मारायची, आणि चवळी चघळत तो पुढे जायचा. सितानची सासू कोरोतुम दारात बसून हे ऐकायची. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. "आज जरा बेचव बोललात दोघं," असंही ती कधी कधी सांगायची.

मग नदीकाठच्या जेन्ने शहरातली पडलेली जुनी मशीद पुन्हा उभी राहिली. तिची कीर्ती नदीने वर खाली नेली, आणि आमच्या कमांडंटला वाटलं आपल्याकडेही एक हवी. जेन्नेला तीन मनोरे, तर इथे चार. पुढच्या वर्षी थंडीत गव्हर्नर येणार होते, त्याआधी छप्पर चढायला हवं होतं. गावोगावची माणसं दोरीने बांधून आणावी तशी आणली. बामोये कुआन्ताओ हा गवंड्यांचा मुख्य. त्याने नदीकाठची माती निवडली, तिच्यात भाताचं तूस मिसळून माणसांनी महिनाभर ती पायांनी तुडवली, कुजवली, आणि हाताने वळलेल्या गोल विटा मैदानात वाळत पडल्या.

लोहारआळीला हुकूम आला तो पन्हळींचा. साठ पन्हळी, प्रत्येक दीड हात लांब, आणि छपरातल्या झरोक्यांवर ठेवायला झाकण्या. हुकूम होता, विनंती नव्हती. पण सितानला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता. मातीच्या छपराचं आयुष्य पन्हळीवर असतं. पाणी भिंतीपासून लांब फेकलं गेलं तर भिंत शंभर वर्षं उभी राहते. सितानने तीन पन्हळी करून बघितल्या, तीनही फोडल्या. चौथी तिने अंगणात दोन दगडांवर ठेवली, तिच्यातून घागरभर पाणी सोडलं आणि ते कुठे पडतं ते बघत उभी राहिली. माझ्या पणजीला ती म्हणाली, "पोरी, या गावावर पडलेला पाऊस आता माझ्या हातातून खाली उतरणार."

माती कुठली? आमच्या मातीच्या खाणीला आम्ही 'पोट' म्हणायचो. मशिदीच्या मैदानापासून तीनशे पावलांवर, चिंचेच्या झाडामागे एक खोल खळगा. त्यात पाळी थांबलेल्या बायकांनीच उतरायचं. पुरुषाने नाही. लोखंड तर लोहाराच्या बायकांनीही आत न्यायचं नाही. लाकडी मुसळाने माती सैल करायची, तीही कडेची. तळाला हात लावायचा नाही. का, तर पोटाच्या तळाखाली नदी झोपलेली आहे. कोरोतुमची सासू हे सांगायची, तिच्या सासूने तिला सांगितलेलं.

उन्हाळा चढला, नदी आटत आटत लांब गेली. विटांची माती आणायला माणसांना फार चालावं लागतं, वेळ जातो, असं कमांडंटला दिसलं. मग त्याला चिंचेमागचा खळगा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोखंडी कुदळी घेतलेली चाळीस माणसं पोटात उतरली.

बामोये त्याच सकाळी कचेरीत गेला. ही माती तेलकट आहे, मडक्याला चांगली, विटेला वाईट, वाळताना आकसते आणि फुटते, असं तो योरोला म्हणाला. योरोने मान हलवली. कमांडंट काहीतरी लिहीत होता आणि सकाळपासून चिडलेला होता. योरोने ते त्याला सांगितलं नाही.

सितानला खबर लागली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीत होते. ते न धुताच ती निघाली. कमांडंट मैदानात छत्रीखाली बसला होता, शेजारी योरो. कामावरची दोनशे माणसं होती. सितान सरळ योरोसमोर जाऊन उभी राहिली.

इथे तिने जे केलं ते आमच्यापैकी कुणीही केलं असतं. थट्टेच्या नात्यातल्या माणसाकडे मागायचं तर नात्याच्याच भाषेत मागायचं, म्हणजे त्याला नाही म्हणताच येत नाही. तिच्याजवळ याहून मोठा हक्क नव्हता.

"अरे ए शेपटीला लोंबकळणाऱ्या!" ती ओरडली. "डोळे गाईच्या शेणात पडले का तुझे? माझ्या पोटात कुदळी घालतोस? ती माणसं बाहेर काढ! सांग तुझ्या त्या उकडलेल्या मालकाला, आत्ता काढ. नाहीतर ही बटणं एकेक तोडून वितळवते आणि तुझ्या बैलाच्या नाकात वेसण घालते!"

मैदान हसायला लागलं. तुडवणारी माणसं थांबली, विटा वाहणारी थांबली, महिनाभरात पहिल्यांदा कुणीतरी पोटभर हसत होतं. योरोही हसला.

"बैलाच्या की माझ्या, काळे?"

"तुमच्यात फरक आहे का?"

पुन्हा हशा. कमांडंटने विचारलं, ही बाई काय म्हणते? योरोने डोळे पुसले आणि सांगितलं, म्हातारी इमारतीचं कौतुक करते आहे. आपल्याला दुवा देते आहे.

कमांडंटने टोपीला हात लावला.

योरोला खरंच कळलं नव्हतं, ती नेहमीचीच थट्टा वाटली, असं त्याचे नातू सांगतात. त्याला कळलं होतं, असं आम्ही सांगतो. तिचे हात मातीने माखलेले होते. कुंभारीण काम टाकून अशी कधी येते? हंडीत हात घालताना रोज दिसायचे ते हात, तेव्हा दिसले नाहीत?

सितान घरी आली ती निश्चिंत होऊन. नात्याने मागितलं होतं, मिळणारच. तिने मळलेला गोळा पुन्हा हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी पोटात साठ माणसं होती.

कोरोतुमने आवाजावरून ओळखलं. आंधळी होती, पण लोखंड मातीत शिरल्याचा आवाज लोहाराच्या घरात ओळखता येत नाही असं कसं होईल? ती उठली, भिंतीला हात लावत आळीच्या टोकाला गेली, चिंचेपर्यंत गेली, आणि बसून घसरत घसरत खळग्यात उतरली. खणणाऱ्या माणसांनी कुदळी खाली टाकल्या. पहारेकरी ओरडला, तरी कुणी उचलेना. तिला ते म्हणाले, "आई, वर जा. आम्हाला मारतील." ती म्हणाली, "मग मार खा. मी माझ्या घरात बसले आहे."

पहारेकऱ्याने तिला दंडाला धरून वर ओढलं. काठावरच्या दगडावर तिचं कपाळ आपटलं. योरो सांगारे पाच पावलांवर उभा होता. त्याने हात पुढे केला नाही. "जरा हळू," एवढंच तो म्हणाला, तेही गोऱ्यांच्या भाषेत.

त्याच दुपारी कुदळ तळातून आरपार गेली. आधी वाळू आली, पांढरी, मग पाणी. आमच्या बायकांनी किती पिढ्या जपलेला तळ होता तो, कुणी मोजलेलं नाही. झोपलेली नदी वर आली आणि तिने कडेची सगळी माती वाळूत कालवून टाकली. संध्याकाळपर्यंत पोटात गुडघाभर गढूळ पाणी होतं. त्यात एक कुदळ तरंगत नव्हती की बुडत नव्हती, दांडा वर करून रुतलेली होती.

सितान त्या दिवशी रडली नाही, ओरडलीही नाही. सासूच्या कपाळावर तिने पाल्याचा लेप लावला. तिला गोरखचिंचेच्या पाल्याचं कालवण भरवलं. मग अंगणात वाळत ठेवलेल्या कच्च्या पन्हळी, एकवीस झाल्या होत्या, तिने एकेक उचलून पाण्याच्या रांजणात टाकल्या. कच्ची माती पाण्यात विरघळायला वेळ लागत नाही. आळीतल्या बाकीच्या बायकांनी ते बघितलं, आणि आपापल्या घरी जाऊन त्यांनीही तेच केलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

सकाळी तिने आंघोळ केली. ईदला नेसायचं पांढरं वस्त्र नेसली, डोक्याला पांढरं फडकं बांधलं, आणि हात कोपरापर्यंत स्वच्छ धुऊन मैदानात गेली. तिला येताना बघून कामावरची माणसं आधीच हसायच्या तयारीत होती. योरोही. रात्री त्याला झोप लागली नसावी, कारण तिला बघून त्याचा चेहरा उजळला. आपण होऊन त्याने सुरुवात केली.

"ये, चवळीखाऊ! आज कुणाच्या लग्नाला निघालीस? कुणी केलं तुझ्याशी?"

सितान त्याच्यासमोर थांबली. गुडघा किंचित वाकवला, परक्या पाहुण्यासमोर वाकवतात तसा.

"सांगारे," ती म्हणाली, "तुमची सकाळ शांततेत उगवली का?"

योरोच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, फक्त त्यामागे कुणी नव्हतं.

"तुमच्या घरात शांतता आहे का? तुमच्या मुलांत शांतता आहे का? तुमच्या गुरांत शांतता आहे का?"

तुडवणाऱ्यांचे पाय थांबले. मैदानावर वाळणाऱ्या विटांची तडतड ऐकू येत होती. पोटातल्या मातीच्या, न कुजवता घाईने वळलेल्या विटा होत्या त्या. त्या फुटायला लागल्या होत्या.

"सितान," योरो हलक्या आवाजात म्हणाला, "असं नको बोलू. एक शिवी दे."

"तुमच्या वडीलधाऱ्यांत शांतता आहे का?"

"एक दे. आईवरून दे. बापावरून दे. लोक बघताहेत ग."

"लोकांना बघू द्या. तुमच्या साहेबांना माझा निरोप सांगा. लोहारआळीतल्या बायका पन्हळी देणार नाहीत. माती नाही म्हणून नाही. साठ पन्हळी होतील एवढी मळलेली माती आमच्या घरांत आहे. आहे, आणि आम्ही देणार नाही. नीट सांगा. हसू येत असेल तर आधी हसून घ्या, मग सांगा."

या वेळी योरोने एक शब्दही बदलला नाही. खणलेल्या खाणीबद्दल सांगितलं, म्हातारीच्या कपाळाबद्दल सांगितलं, बामोये काय म्हणाला होता तेही सांगितलं. दोन दिवसांनी सगळं खरं सांगितलं. खऱ्याला उशीर झाला की त्याचं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही.

कमांडंटने सितानला पहाऱ्याच्या खोलीत अकरा दिवस कोंडलं. चौथ्या दिवशी बामोये तिच्यासाठी बाजरीची लापशी आणि सुकी मासळी घेऊन गेला. खिडकीला गज होते, त्यातून वाडगं जाईना, म्हणून तो घास करून देत होता.

"मी बोललो होतो, वहिनी," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. योरोने पुढे सांगितलं नाही."

"एकदा बोललास."

"हो."

"दुसऱ्यांदा बोलायला जीभ झिजत होती? भिंत वाकडी झाली तर सात वेळा ओळंबा लावतोस."

बामोयेने पुढचा घास कालवला. मग म्हणाला, "त्या विटा सगळ्या फुटल्या. उत्तरेची भिंत घाईघाईने कमरेएवढी चढवली होती, ती पाडायला सांगितली. आता पुन्हा नदीचीच माती आणतोय."

सितानने घास तोंडात घेतला नाही. "सगळ्या?"

"सगळ्या."

म्हणजे पोटातल्या मातीची एकही वीट त्या मशिदीत नाही. मी हे लिहिताना दोनदा थांबले आहे. एकही नाही. आमची खाण त्यांनी वापरली असती तर निदान आम्ही भिंतीला हात लावून म्हटलं असतं की ती इथे आहे. तिचा ढीग करून पाण्याच्या डबक्यात लोटला. नदीची माती तेव्हाही तिथेच होती, फक्त थोडी लांब होती.

पन्हळी ताडाच्या बसवल्या. गव्हर्नर आले, चार मनोरे बघून गेले. पुढच्या वर्षी कमांडंटची बदली झाली. सितान सुटून आली तेव्हापासून आमच्या बायका मातीसाठी नदीपलीकडे जातात, जायला अर्धा दिवस, यायला अर्धा. ती माती वाईट नाही, पण टिचकी मारली की तिचा आवाज थोडा उशिरा येतो.

योरोने माफी मागायचे सगळे रस्ते चालून बघितले. मध्यस्थ पाठवले, माफी मागताना आमच्याकडे देतात ती कडू कोलाची फळं पाठवली. सितानने फळं परत केली, निरोपासकट: "सांगारेंचे आभार. त्यांच्या घरात शांतता असो." तो स्वतः आला, कोट न घालता. दारात उकिडवा बसला आणि म्हणाला, "नात्यातल्या माणसाने मागितलेलं नाकारता येत नाही. मी एक शिवी मागतोय."

"नात्यातल्या माणसाने," सितान म्हणाली. "पाहुण्यांना पाणी द्या ग कुणीतरी."

त्यानंतर दर शुक्रवारी तो येऊन बसायचा. ती ऐरणीवर पाणी शिंपडायची, मग त्याच्यासमोर गुडघा वाकवून त्याची, मुलांची, गुरांची विचारपूस करायची. तो "शांतता आहे" म्हणायचा आणि उठून जायचा. नऊ वर्षं. एकदा कोरोतुम आतून म्हणाली होती, "सुने, पुरे. माझं कपाळ कधीच भरलं." सितान म्हणाली, "आई, तुमचं भरलं. पोट भरलं का?"

योरो गेला तो भात कापणीच्या दिवसांत. आमच्याकडे फुलानी मेला की थट्टेच्या नात्यातले लोहार अंत्ययात्रेत धुडगूस घालतात. प्रेताची वाट अडवतात, "ऊठ रे चोरा, माझी गाय दे आणि मग मर" म्हणतात, कफन मागतात. रडणाऱ्यांना हसवल्याशिवाय माती द्यायची नाही, असा रिवाज आहे. सगळं गाव लोहारआळीकडे बघत होतं. सितान पांढरं वस्त्र नेसून आली. लोकांनी वाट केली. योरोची बायको तिचे हात धरून म्हणाली, "दे ग आता तरी एक. तिथे तो काय तोंड दाखवेल?"

सितान जनाज्याजवळ गेली. तिचे ओठ हलले, असं माझी पणजी सांगायची. ती अगदी शेजारी होती. तिला वाटलं, आता. मग सितानने गुडघा वाकवला.

"सांगारे, तुमचा प्रवास शांततेत होवो."

आणि ती घरी आली. त्या दिवशी तिने एकही मडकं फोडलं नाही, केलंही नाही.

आजही फुलानी आळीत शिरला की आम्ही त्याला गुरांवरून, दुधावरून, काठीवरून मनसोक्त शिव्या घालतो, आणि तो आम्हाला चवळीवरून घालतो. सांगारे घराण्यातलं कुणी आलं की मात्र हातातलं काम बाजूला ठेवतो, हात धुतो, डोक्याचं फडकं नीट करतो आणि उभ्या राहतो. घरात शांतता आहे का, विचारतो. मुलांत? गुरांत? ते मान खाली घालून "आहे" म्हणतात आणि लवकर निघून जातात.

मागच्या आठवड्यात त्यांची एक नवी सून आली होती, दुसऱ्या गावची, तिला काही माहीत नव्हतं. तिने हसून मला "चवळीखाऊ" म्हटलं. फार गोड मुलगी होती.

मी हात धुतले आणि तिच्या घरची विचारपूस केली.